शाळेतले शिकवणे खंडित झाले असेल, तर विद्यापीठाचा प्रवेश अर्ज कसा करावा

शाळेचे शिक्षण खंडित होण्याची कारणे अनेक असतात. कुठे साथीमुळे वर्ग बंद राहतात, कुठे युद्धामुळे किंवा पुरामुळे इमारतच वापरता येत नाही, तर कुठे एखाद्या विषयाला वर्षभर शिक्षकच मिळत नाही. २०२० साली साथीमुळे जगभरातल्या शाळा बंद झाल्या, तेव्हा युनेस्कोच्या मोजणीनुसार १९०हून अधिक देशांतल्या सुमारे १६० कोटी विद्यार्थ्यांचे शिक्षण थांबले होते. त्या वेळी सगळ्यांची अडचण निदान सगळ्यांना ठाऊक होती. एकाच शाळेची, एकाच विषयाची किंवा एकाच विद्यार्थ्याची घडी विस्कटते, तेव्हा मात्र ती बाहेरच्या कोणालाच दिसत नाही. गुणपत्रिकेवर फक्त गुण छापलेले असतात; ते गुण ज्या वर्षी मिळाले त्या वर्षी वर्गात प्रत्यक्ष किती शिकवणे झाले, याची नोंद तिच्यावर कुठेच नसते.

अर्ज वाचणारी माणसे बहुधा निर्दय नसतात, पण त्यांच्यासमोर जे कागदावर आलेले असते त्याचाच विचार करणे त्यांना शक्य असते. काय बुडाले, कोणत्या तारखांना बुडाले आणि त्याला दुजोरा देणारे कोण आहे, या तीन प्रश्नांची उत्तरे अर्जात सापडली, तरच समितीला तुमच्या गुणांकडे वेगळ्या नजरेने पाहण्याचा आधार मिळतो. म्हणून या लेखात सर्वांत अधिक भर अचूक नोंदीवर दिला आहे. अर्जाच्या सजावटीपेक्षा ती नोंद मोलाची आहे, कारण ती अर्जात उपयोगी पडते आणि राहिलेला अभ्यास भरून काढतानाही तीच हाताशी असते.

पहिले पाऊल : घटकवार नोंद

अर्जाचा नमुना उघडण्याआधी तुमच्या परीक्षा मंडळाचा अधिकृत अभ्यासक्रम मिळवा. पाठ्यपुस्तकाची अनुक्रमणिका पुरेशी नसते, कारण पुस्तकातला कोणता भाग परीक्षेसाठी आहे आणि कोणता केवळ वाचनासाठी आहे, हे अभ्यासक्रमातच स्पष्ट केलेले असते. शेवटच्या दोन वर्षांतल्या प्रत्येक विषयासाठी एक तक्ता करा आणि प्रत्येक घटकासमोर चार गोष्टी लिहा : तो शिकवला गेला का, कोणी आणि कोणत्या पद्धतीने शिकवला, म्हणजे वर्गात, ऑनलाइन की बदली शिक्षकाकडून, त्यातले प्रात्यक्षिक किंवा प्रकल्प झाला का, आणि आज तुम्हाला तो घटक किती येतो.

या तक्त्यातली एक ओळ नमुन्यादाखल देतो. रसायनशास्त्रात ‘आम्ल-आम्लारी अनुमापन’ या घटकासमोर ‘नीट झाले नाही’ एवढेच लिहून उपयोग नाही. त्याऐवजी ‘तत्त्व ऑनलाइन तासांत शिकवले; प्रयोगशाळा बंद असल्यामुळे प्रयोग झाला नाही; ब्युरेट प्रत्यक्ष हाताळलेली नाही; आकडेमोड येते, मागील प्रश्नपत्रिकांतली उदाहरणे सोडवली आहेत’ असे लिहावे. गणितातली ओळ अशी असू शकते : ‘समाकलन, मूलभूत सूत्रांपर्यंत वर्गात झाले, खंडशः समाकलन पुस्तकावरून स्वतः केले, उदाहरणे सोडवली, पण कोणाकडून तपासून घेतलेली नाहीत.’ अशा ओळी वाचल्यावर काय करायचे राहिले आहे ते तुम्हालाही कळते आणि शिफारसपत्र लिहिणाऱ्या शिक्षकांनाही कळते. चौथा रकाना भरताना स्वतःशी कठोर राहावे. घटक वाचलेला असणे आणि पुस्तक मिटून त्यावरचा प्रश्न सोडवता येणे यांत मोठा फरक आहे, आणि विद्यापीठाच्या पहिल्या सत्रात तो फरक उघडा पडतोच.

या तक्त्याच्या जोडीला एक तारीखवार टिपण करा. शाळा कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत बंद होती, ऑनलाइन तास कधी सुरू झाले, कोणत्या विषयाचे शिक्षक कधी गेले आणि नवे कधी आले, आणि चाचण्या किंवा सराव परीक्षा कोणत्या रद्द झाल्या, हे त्यात असावे. यासाठी स्मरणशक्तीवर विसंबू नये. शाळेची परिपत्रके, पालकांना आलेले संदेश, बदललेली वेळापत्रके आणि तुमच्या स्वतःच्या वह्या यांवर तारखा असतात. वहीतल्या दोन पानांवरच्या तारखांमध्ये सात आठवड्यांचे अंतर दिसत असेल, तर त्या काळात काय झाले हे आठवायला तेवढा धागा पुरतो. संदेशांची आणि परिपत्रकांची छायाचित्रे एका ठिकाणी साठवा. हे काम लवकर करण्याचे कारण असे की शिक्षक बदलतात, शाळेची ऑनलाइन खाती बंद होतात आणि वर्ष उलटले की कोणाकडे काय मागायचे हेच समजेनासे होते.

नोंद करताना तुमच्या विरुद्ध जाणाऱ्या गोष्टीही लिहा. तीन आठवडे बुडाले आणि नंतर शाळेने जादा तास घेऊन ते भरून काढले असतील, तर दोन्ही बाबी नोंदीत हव्यात. शाळेच्या पत्रात एक आणि तुमच्या अर्जात दुसरेच आले, तर तुमच्या खऱ्या अडचणीवरही विश्वास बसणे कठीण होते.

दुसरे पाऊल : कोणती सवलत कोण देते ते समजून घ्या

परीक्षेच्या दिवशी आलेली अडचण आणि वर्षभर न झालेले शिकवणे या दोन गोष्टी परीक्षा मंडळे वेगवेगळ्या धरतात. नव्याने अर्ज करणाऱ्यांची सर्वाधिक गफलत इथेच होते. ब्रिटनमधल्या परीक्षा मंडळांच्या संयुक्त परिषदेचे नियम याचे चांगले उदाहरण आहेत. परीक्षेच्या सुमारास आजारपण, घरातला मृत्यू किंवा अपघात यांसारखे कारण घडले, तर त्या नियमांनुसार जास्तीत जास्त ५ टक्क्यांपर्यंत गुणांची विशेष सवलत मिळू शकते. शिक्षकांचा तुटवडा, इमारतीचे बांधकाम किंवा सोयींचा अभाव या कारणांसाठी मात्र ती मिळत नाही, असे त्याच नियमांत म्हटले आहे. ऑगस्ट २०२३च्या अखेरीस इंग्लंडमधल्या शंभराहून अधिक शाळांना, छतात वापरलेले सच्छिद्र काँक्रीट धोकादायक ठरल्यामुळे, सत्र सुरू होण्याच्या तोंडावर इमारती किंवा त्यांचे काही भाग बंद करावे लागले. तिथल्या विद्यार्थ्यांचे वर्ग इतरत्र भरवावे लागले, पण परीक्षा मात्र इतरांसारखीच द्यावी लागली.

याचा अर्थ असा की शिकवणे बुडाल्याची दखल परीक्षा मंडळाकडून घेतली जाईल या आशेवर न राहता ती विद्यापीठापुढे मांडावी लागते. प्रवेशाचे निकष लावताना विद्यापीठाला परिस्थितीचा विचार करण्याची मोकळीक बहुतेक वेळा मंडळापेक्षा अधिक असते. अर्थात सर्वत्र तसे नसते. जिथे प्रवेश केवळ सामायिक परीक्षेच्या गुणवत्ता यादीवर होतो, तिथे स्पष्टीकरण वाचणारेच कोणी नसते, आणि अशा ठिकाणी तुमचा वेळ निवेदनापेक्षा तयारीवर खर्च होणे योग्य.

दुसरी एक अडचण अधिक फसवी आहे. शिक्षण खंडित झाले की मंडळे अनेकदा त्या वर्षापुरता अभ्यासक्रम कमी करतात, आणि विद्यार्थ्याला वाटते की वगळलेला भाग आता कुठेच लागणार नाही. भारतात केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२०-२१ या वर्षासाठी नववी ते बारावीचा अभ्यासक्रम ३० टक्क्यांपर्यंत कमी केला. २०२१च्या जेईई मुख्य परीक्षेचा अभ्यासक्रम मात्र पूर्वीइतकाच राहिला आणि त्याऐवजी ९० प्रश्नांपैकी ७५ सोडवण्याची मुभा देण्यात आली. शाळेच्या परीक्षेतून गेलेला घटक प्रवेश परीक्षेत शिल्लक असू शकतो आणि पहिल्या वर्षाच्या प्राध्यापकांच्या गृहीतकांतही शिल्लक असू शकतो. तुमच्या तक्त्यात अशा वगळलेल्या घटकांसाठी वेगळी खूण करा.

परीक्षाच रद्द झाली असेल, तर गुण कसे ठरले हे जाणून घ्या आणि त्याबद्दलचे अधिकृत परिपत्रक जपून ठेवा. केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने २०२१ साली बारावीचे गुण दहावी, अकरावी आणि बारावीच्या कामगिरीवरून अनुक्रमे ३०, ३० आणि ४० टक्के भार देऊन ठरवले होते. इंग्लंडमध्ये २०२० साली ए-लेव्हल या बारावीच्या तोडीच्या परीक्षेसाठी शिक्षकांनी दिलेल्या अंदाजित श्रेणींपैकी जवळपास ४० टक्के श्रेणी संगणकीय सूत्राने खाली आणल्या, आणि १७ ऑगस्ट रोजी तो निर्णय मागे घेऊन शिक्षकांच्या श्रेणी ग्राह्य धरण्यात आल्या. दुसऱ्या देशातल्या किंवा काही वर्षांनी अर्ज वाचणाऱ्या अधिकाऱ्याला हा इतिहास ठाऊक असेलच असे नाही. अशा वर्षीच्या गुणपत्रिकेसोबत मंडळाच्या परिपत्रकाची प्रत जोडली, तर शंका उद्भवण्याआधीच तिचे उत्तर मिळते.

तिसरे पाऊल : अभ्यासक्रम निवडताना विषयांचे स्वरूप पाहा

बुडालेल्या शिकवण्याचा परिणाम सर्व विषयांवर सारखा होत नाही. इतिहासात एक कालखंड राहिला, तर तो कालखंड राहिला. पुढचा वाचताना अडचण येते, पण वाचता येतो. गणितात, भौतिकशास्त्रात किंवा परक्या भाषेत मधला एक टप्पा राहिला की त्यावर उभे असलेले पुढचे सारे डळमळते. म्हणून ज्या अभ्यासक्रमाला अर्ज करायचा आहे त्याच्या पात्रता अटींमध्ये ‘आवश्यक’ विषय कोणते आणि ‘अपेक्षित’ कोणते हे शब्दशः वाचा, आणि ते तुमच्या तक्त्याशी ताडून पाहा. आवश्यक विषयातच मोठी पोकळी असेल, तर त्या शाखेचा विचार सोडून द्यावा असे मुळीच नाही. पायाभूत वर्षाची, म्हणजे पदवीआधी शालेय विषयांची तयारी करून घेणाऱ्या वर्षाची, सोय असलेला किंवा पहिल्या सत्रात पूरक वर्ग घेणारा तोच अभ्यासक्रम दुसरीकडे आहे का, हे मात्र आवर्जून पाहावे. माझ्या मते ज्या विद्यार्थ्याचे दोन वर्षांचे गणित खिळखिळे झाले आहे, त्याने अभियांत्रिकीसाठी नामवंत पण पूरक वर्ग नसलेल्या संस्थेपेक्षा पूरक वर्ग असलेली संस्था निवडणे अधिक शहाणपणाचे आहे.

निवडलेल्या विद्यापीठांच्या प्रवेश कार्यालयांना अर्जाच्या आधी थोडक्यात पत्र लिहावे. त्यात तीन प्रश्न पुरेत : शाळेतले शिकवणे खंडित झाल्याची माहिती अर्जात नेमकी कुठे आणि कधीपर्यंत द्यावी, तिच्यासोबत कोणाचे पत्र ग्राह्य धरले जाते, आणि सशर्त प्रवेश किंवा कमी गुणांची अट अशा परिस्थितीत लागू होऊ शकते का. हे पत्र विद्यार्थ्याने स्वतः लिहावे, पालकांनी नव्हे. उत्तर लेखी मिळाले की ते तारखेसह जपून ठेवा. दूरध्वनीवर उत्तर मिळाले असेल, तर त्याच दिवशी ‘आपल्या बोलण्यानुसार माझी समजूत अशी झाली’ असा ईमेल पाठवून ते लेखी करून घ्या.

चौथे पाऊल : स्पष्टीकरण कुठे आणि कसे लिहावे

बहुतेक अर्जांत अशा माहितीसाठी वेगळी जागा असते, आणि ती सोडून मुख्य निवेदनात सारे कोंबण्याची चूक टाळायला हवी. ब्रिटनमधल्या यूकास या सामायिक अर्जात विद्यार्थ्याचे वैयक्तिक निवेदन एकूण ४००० अक्षरांचे असते आणि २०२६च्या प्रवेशापासून ते तीन प्रश्नांच्या उत्तरांच्या रूपात लिहायचे असते. शाळेकडून येणाऱ्या शिफारशीत विद्यार्थ्याच्या अपवादात्मक परिस्थितीसाठी स्वतंत्र विभाग असतो. अमेरिकेतल्या अनेक विद्यापीठांसाठी चालणाऱ्या कॉमन ॲप या अर्जात मुख्य निबंधाची मर्यादा ६५० शब्दांची आहे आणि अडचणी व परिस्थिती सांगण्यासाठी त्याखेरीज वेगळी ऐच्छिक जागा आहे. तुमच्या अर्जात अशी जागा दिसत नसेल, तर ‘अतिरिक्त माहिती’चा रकाना पाहा, तोही नसेल, तर प्रवेश कार्यालयाला विचारून स्वतंत्र पत्र जोडा. मुख्य निवेदन तुम्हाला तो विषय का शिकायचा आहे आणि त्यासाठी तुम्ही काय केले आहे हे सांगण्यासाठी असते. ते सगळे बुडालेल्या वर्षाच्या हकिगतीत खर्च झाले, तर वाचणाऱ्याला शाळा कळते, विद्यार्थी कळत नाही.

आता मजकुराकडे वळू. अनेक अर्जांत पुढीलसारखा परिच्छेद असतो :

‘माझ्या शाळेत शेवटच्या दोन वर्षांत खूप अडचणी होत्या. त्यामुळे आम्हा विद्यार्थ्यांवर मोठा अन्याय झाला आणि मला अपेक्षित गुण मिळू शकले नाहीत. तरी कृपया माझ्या अर्जाचा सहानुभूतीने विचार व्हावा.’

यातले प्रत्येक वाक्य खरे असू शकते, तरीही समितीला त्यातून काहीच करता येत नाही. अडचण कोणती, किती काळ, कोणत्या विषयात, हे कळत नाही, आणि ‘अपेक्षित गुण’ म्हणजे कोणाला अपेक्षित हेही कळत नाही. तीच परिस्थिती अशी लिहिता येते :

‘अकरावीच्या दुसऱ्या सत्रात, जानेवारी ते एप्रिल या काळात, आमच्या शाळेत भौतिकशास्त्राचे शिक्षक नव्हते. त्यामुळे प्रकाशशास्त्र आणि विद्युतचुंबकत्व हे दोन घटक शिकवले गेले नाहीत, आणि त्या सत्रातला एकही प्रयोग झाला नाही. बारावीच्या आरंभी नव्या शिक्षकांनी प्रकाशशास्त्र पूर्ण करून घेतले. विद्युतचुंबकत्व मी पाठ्यपुस्तकाच्या आधारे स्वतः अभ्यासले असून त्यावरील मागील प्रश्नपत्रिका सोडवून शिक्षकांकडून तपासून घेतल्या आहेत. प्रयोगांचा सराव मात्र अजून अपुरा आहे, आणि तो पहिल्या वर्षी जाणीवपूर्वक करावा लागेल हे मला ठाऊक आहे. मुख्याध्यापकांचे पत्र सोबत जोडले आहे.’

या परिच्छेदात तक्रारीचा सूर नाही, कोणावर ठपका नाही आणि विनवणीही नाही. काळ, विषय, घटक, केलेले उपाय, उरलेली उणीव आणि पुरावा या क्रमाने तो जातो. उरलेली उणीव सांगणारे वाक्य गाळावे असा सल्ला तुम्हाला कदाचित कोणी देईल. ते ठेवावे असे माझे मत आहे, कारण स्वतःला काय येत नाही हे नेमके सांगू शकणारा विद्यार्थी पहिल्या वर्षी मदत मागायला कचरत नाही, आणि हे अनुभवी प्राध्यापक ओळखतात. शंभर ते दीडशे शब्दांत हे सारे मावते. त्याहून लांब मजकूर लिहिण्याची गरज क्वचितच पडते.

ज्यांचे शिक्षण युद्ध, विस्थापन, आपत्ती किंवा घरातल्या संकटामुळे थांबले, त्यांच्यासाठी एक गोष्ट स्वतंत्रपणे सांगायला हवी. जे भोगले त्याचे तपशीलवार वर्णन करणे तुमच्यावर बंधनकारक नाही. ‘मार्च ते ऑगस्ट या काळात आमच्या कुटुंबाला स्थलांतर करावे लागले आणि मला शाळेत जाता आले नाही’ एवढे वाक्य प्रवेशासाठी पुरेसे असते. अधिक सांगावेसे वाटले तर सांगावे, पण आपले दुःख पुरेसे मोठे आहे हे समितीला पटवून द्यायला हवे, असे ओझे कोणीही स्वतःवर घेऊ नये.

पाचवे पाऊल : शिक्षकांचे आणि शाळेचे पत्र

तुमच्या स्पष्टीकरणाला वजन येते ते शाळेच्या पत्रामुळे. काही गोष्टी तर शाळाच सांगू शकते. संपूर्ण वर्गाचे त्या विषयातले गुण आधीच्या वर्षांपेक्षा घसरले असतील, तर ती घसरण एकट्या विद्यार्थ्याची नाही हे दाखवण्याचा अधिकार आणि आकडे शाळेकडेच असतात. त्या वर्गात तुमचा क्रम कितवा होता, अंदाजित गुण कशाच्या आधारे दिले आणि सराव परीक्षा का झाल्या नाहीत, हेही शाळेनेच लिहिणे योग्य.

शिक्षकांना नुसते ‘शिफारसपत्र द्या’ असे म्हणून मोकळे होऊ नका. खंडित वर्षांत शिक्षकांवरही कामाचा भार वाढलेला असतो, आणि तुमच्या वर्गाची प्रत्येक तारीख त्यांच्या लक्षात असेल असे नाही. त्यांना अर्ध्या पानाचे टिपण द्या : तारखा, न झालेले घटक, तुम्ही स्वतः केलेला अभ्यास, अर्ज केलेले अभ्यासक्रम आणि पत्राची अंतिम तारीख. त्या तारखेच्या निदान तीन आठवडे आधी द्या. पत्राचा मजकूर त्यांनाच ठरवू द्या.

तुम्हाला शिकवणारे शिक्षक शाळा सोडून गेले असतील, तर मुख्याध्यापक किंवा सध्याचे विषयशिक्षक पत्र देऊ शकतात. त्यांनी तुम्हाला कमी काळ पाहिले असेल, तर तसे पत्रात स्पष्ट लिहिणे चांगले. शाळाच बंद पडली असेल, तर तिच्यावर देखरेख करणारे शिक्षण कार्यालय किंवा परीक्षा मंडळ यांच्याकडे दप्तर जमा झाले आहे का, याची चौकशी करा.

सहावे पाऊल : कागदपत्रे हरवली असतील तर

गुणपत्रिका हरवली असेल, तर दुय्यम प्रत मिळवण्यासाठी मंडळाकडे अर्ज करावा लागतो आणि त्याला वेळ लागतो. त्यामुळे विद्यापीठाचा अर्ज सुरू होण्याची वाट न पाहता हे काम आधी हाती घ्या. देश सोडावा लागलेल्यांची अडचण याहून मोठी असते, कारण जिथून कागद मिळायचे तिथे परत जाणेच शक्य नसते. त्यांच्यासाठी काही आंतरराष्ट्रीय आधार आहेत. उच्च शिक्षणातल्या पात्रतांना परस्परांच्या देशांत मान्यता देण्याविषयीच्या १९९७च्या लिस्बन करारात असे कलम आहे की निर्वासित आणि विस्थापित व्यक्तींच्या पात्रतेचे मूल्यमापन, कागदपत्रे उपलब्ध नसली तरी, करता येईल अशी व्यवस्था सदस्य देशांनी उभी करावी. याच विचारातून युरोप परिषदेने २०१७ पासून निर्वासितांसाठी ‘युरोपीय पात्रता पारपत्र’ सुरू केले. उपलब्ध कागद आणि तज्ज्ञांनी घेतलेली मुलाखत यांच्या आधारे ते दिले जाते आणि पाच वर्षे ग्राह्य असते. त्याने प्रवेश आपोआप मिळत नाही, पण प्रवेश कार्यालयाला वाचता येईल असा एक विश्वासार्ह कागद तुमच्या हाती येतो. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाची डाफी ही शिष्यवृत्ती १९९२ पासून निर्वासित विद्यार्थ्यांना पदवीसाठी दिली जाते. तिची चौकशी स्थानिक उच्चायुक्तालयाच्या कार्यालयात करावी.

अशा स्थितीत हातात असलेला प्रत्येक कागद मोलाचा असतो. जुने प्रगतिपुस्तक, शाळेचे ओळखपत्र, वर्गाची यादी, परीक्षेचे प्रवेशपत्र, दूरध्वनीत राहिलेले गुणपत्रिकेचे छायाचित्र, यातले काहीही टाकून देऊ नका. कागद मिळवण्यासाठी केलेल्या प्रयत्नांचा पत्रव्यवहारही जोडा. मागूनही मिळाले नाही हे त्यावरून दिसते.

सातवे पाऊल : पोकळी भरून काढणे

अर्ज पाठवल्यानंतर निकालापर्यंत जो काळ मिळतो, तो तक्त्यातल्या चौथ्या रकान्यासाठी वापरा. सगळे घटक पुन्हा पहिल्यापासून करण्याचा संकल्प बहुधा दोन आठवड्यांत मोडतो. ज्या अभ्यासक्रमाला अर्ज केला आहे त्याचा पहिल्या सत्राचा अभ्यासक्रम विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहा, त्याला लागणारे शालेय घटक शोधा आणि तेवढेच आधी पक्के करा. खान अकॅडमी, एमआयटीचे ओपनकोर्सवेअर आणि ओपनस्टॅक्सची पाठ्यपुस्तके विनामूल्य आहेत. प्रयोग बुडालेल्यांसाठी कोलोरॅडो विद्यापीठाच्या फेट प्रकल्पातली आभासी प्रयोगांची साधने उपयुक्त आहेत आणि ती अनेक भाषांत मिळतात. त्यांनी हाताला सवय लागत नाही हे खरे, पण राशी बदलली की निरीक्षण कसे बदलते हे त्यांवर चांगले समजते. इंटरनेट सतत उपलब्ध नसेल, तर ओपनस्टॅक्सची पुस्तके एकदाच उतरवून घेता येतात.

स्वतः केलेल्या अभ्यासाचा पुरावा ठेवा. सोडवलेल्या प्रश्नपत्रिका तारखेसह राखून ठेवल्या आणि त्या कोणाकडून तरी तपासून घेतल्या, तर मुलाखतीत ‘मी स्वतः अभ्यास केला’ या वाक्यामागे दाखवण्यासारखे काहीतरी असते. मुलाखत असेल, तर न झालेल्या घटकांवरच प्रश्न येईल असे धरून चाला. उत्तर येत नसेल, तर तो घटक वर्गात झाला नव्हता हे एका वाक्यात सांगा आणि लगेच जे येते तिथून विचार मांडायला सुरुवात करा. मुलाखत घेणाऱ्यांना बहुतेक वेळा तुमची विचार करण्याची रीत पाहायची असते.

आठवे पाऊल : या वर्षी जमले नाही तर

गुण अटीपेक्षा थोडे कमी पडले, तर त्याच दिवशी प्रवेश कार्यालयाशी संपर्क साधा आणि आधी दिलेल्या स्पष्टीकरणाचा अर्ज क्रमांकासह उल्लेख करा. आधी काहीही न कळवता निकालानंतर प्रथमच खंडित वर्षाची हकिगत सांगणाऱ्या विद्यार्थ्याला मदत करणे कार्यालयाला फार कठीण जाते, आणि इतक्या लवकर नोंद करायला सांगण्याचे हे एक मोठे कारण आहे.

त्याखेरीज पायाभूत वर्ष, पुढच्या वर्षी पुनर्परीक्षा किंवा मुक्त विद्यापीठ हे मार्ग आहेत. १९६९ साली स्थापन झालेल्या ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात बहुतेक पदवी अभ्यासक्रमांना पूर्वपात्रतेची अटच नाही. एक वर्ष थांबायचे ठरवले, तर त्या वर्षात कोणते घटक पूर्ण करणार हे लिहून ठेवा, कारण पुढच्या अर्जात त्याबद्दल नक्की विचारले जाईल.

पाठवण्याआधी आणि नंतर

अर्ज पाठवण्यापूर्वी तुमचे स्पष्टीकरण, शाळेचे पत्र आणि गुणपत्रिका एकत्र ठेवून तारखा जुळतात का ते पाहा. विषयांची आणि सत्रांची नावे सर्वत्र सारखी हवीत. शिकवणे खंडित होण्याशी संबंध नसलेल्या एखाद्या शहाण्या व्यक्तीला स्पष्टीकरण वाचायला द्या आणि ‘काय बुडाले आणि मी काय केले’ हे तिला तिच्या शब्दांत सांगायला लावा. तिला सांगता आले नाही, तर मजकूर पुन्हा लिहायला हवा.

प्रवेश मिळाल्यावर तो घटकवार तक्ता फेकून देऊ नका. अनेक विद्यापीठे पहिल्या आठवड्यात गणितात किंवा लेखनात कुठे कच्चे आहात हे पाहणारी चाचणी घेतात; तिचा गुणांकनाशी बहुधा संबंध नसतो, म्हणून ती प्रामाणिकपणे द्या. नंतर तक्त्याची एक प्रत घेऊन तुमच्या मार्गदर्शक प्राध्यापकांना भेटा आणि कोणत्या पूरक वर्गांना बसावे हे त्यांनाच विचारा. त्या वर्गांच्या जागा बहुधा सत्राच्या सुरुवातीलाच भरतात, तेव्हा ही भेट पहिल्या दोन आठवड्यांतच घ्या.